मुकी बॅट

नारळ वाजवून घेतात, मडकं वाजवून घेतात, कलिंगडाला तर बाजारात टिचक्या मारून मारून लोक बेजार करतात. पण खेळायची बॅट वाजवून घेणारा माणूस अख्ख्या तुळजापुरात एकच निघाला, आणि तो म्हणजे लिंबाजी गोंधळी.

उमाशंकरच्या लॉजमागं मोकळं आवार आहे. पूर्वी तिथं यात्रेकरूंच्या गाड्या लागायच्या. पुढं गाड्यांना दुसरीकडं जागा झाली आणि आवार ओस पडलं. उमाशंकरची लेक शिवरंजनी पुण्याहून खेळाचं शिक्षण घेऊन आली, तिनं त्या फरशीवर पांढऱ्या पट्ट्या ओढल्या, मधोमध जाळं बांधलं आणि बापाला सांगितलं की इथं आता पिकलबॉल खेळायचा. मैदान बॅडमिंटनएवढं, जाळं टेनिससारखं, बॅट म्हणजे टेबलटेनिसच्या बॅटीची थोरली बहीण, आणि चेंडू प्लास्टिकचा, भोकाभोकांचा. चार घरची भाजी एका पातेल्यात शिजावी तसा हा खेळ, पण म्हातारी माणसंही खेळू शकतात, म्हणून गावातल्या पन्नाशी-साठीच्या लोकांना त्याची भलतीच गोडी लागली.

त्या सकाळी आवारात खाटेवर पाच बॅटी मांडल्या होत्या. डोंगराच्या कडेनं आलेलं धुकं अजून फरशीवर रेंगाळत होतं आणि पांढऱ्या पट्ट्या त्यात कुठं दिसत, कुठं विरत होत्या. लिंबाजीनं पहिली बॅट उचलली, कानाशी धरली, नखानं तिच्या पोटावर टिचकी मारली आणि ठेवून दिली. दुसरीलाही तेच. तिसरीशी तो थांबला. पुन्हा टिचकी मारली, डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की जणू कुणी तरी त्याला नावानं हाक मारली होती.

"बुवा, बॅट हाय ती, खरबूज न्हाय," जाफर म्हणाला. जाफर त्याचा खेळातला जोडीदार. तीस वर्षं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक हाकलेला, आवाजानं आणि अंगानं दोन्हीकडून दणकट असा गडी.

"काका, पॅडल आवाजावरून नसतं घ्यायचं," शिवरंजनीनं समजावलं. ती तेवढी शिकल्याप्रमाणं पॅडल म्हणायची, बाकी सगळ्यांची ती बॅटच. "आधी आपण कसं खेळतो ते बघायचं, मग पॅडल."

"हं," लिंबाजी म्हणाला.

'हं' हा लिंबाजीचा अलीकडं फार लाडका शब्द झाला होता. समोरचा काहीही बोललेला असो, 'हं' बहुतेक ठिकाणी बसतो. बायको कोंडाबाई विचारायची की भाकरीसंगं पिठलं करू की वांगं, आणि हा म्हणायचा, हं. तिनं मग विचारणं सोडून दिलं आणि त्याच्याशी वाद घालणंही.

खरी गोष्ट अशी की लिंबाजीला कमी ऐकू येत होतं. ती त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, निदान तो तसं धरून चालला होता. कान एकदम गेले नव्हते, वरून झिजत निघाले होते. आधी चिमण्या गेल्या. दारातल्या लिंबावर चोची उघडझाप करताना दिसायच्या, आवाज मात्र नाही. मग कुकरच्या शिट्टीचं टोक गेलं, मग मंजिरी टाळांचा झणकार, मग बायकापोरींच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं. गाड्या, ढोल, पुरुषांचे आवाज जागच्या जागी होते. वरचा मजला तेवढा रिकामा झाला होता. कधी कधी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तो त्या रिकाम्या मजल्यावर मनानं फिरून यायचा. इथं बुलबुल होता, इथं कोंडाबाईच्या बांगड्या होत्या, असं एकेक आठवून बघायचा, आणि खरंच ऐकू आलं की आठवलं हे त्याचं त्यालाच कळेनासं व्हायचं.

दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर घरात चार दिवस चेष्टा झाली असती आणि विषय मिटला असता. पण हा संबळ वाजवणारा. संबळाला दोन तोंडं असतात. मोठं घुमतं आणि लहान बोलतं. गोंधळ उभा करण्याआधी लहान तोंडाचं कातडं शेकून, दोरी ताणून तुणतुण्याच्या तारेशी मिळवावं लागतं, आणि हा सूर लावायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. त्यात कुणी वाटेकरी नसतो. बापानं लिंबाजीच्या तिसाव्या वर्षी त्याच्या हाती तो मान दिला, तेव्हापासून एकतीस वर्षं लिंबाजीनं "लागला" म्हटल्याशिवाय त्यांच्या मेळात देवीचं नाव उच्चारलं गेलं नव्हतं. आता नेमका तोच सूर त्याला ऐकू येत नव्हता. हे बाहेर कळलं तर आपण उरतो कशाला, हा प्रश्न त्याला जेवताखाता खायचा. दिवटीत तेल घालायला? पानाचं तबक फिरवायला?

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला एका लग्नाचा गोंधळ होता. मांडवामागं बसून लिंबाजीनं सूर लावायला घेतला. दोरी ताणली, टिपरूची काडी कातड्यावर मारली, काही नाही. आणखी ताणली, तरी नाही. शेवटी किती ताणली तेच कळेना, तेव्हा त्यानं अंदाजानं "लागला" म्हटलं आणि हात धुवायला पिंपाकडं गेला. तिथून सहज वळून पाहिलं तर त्याच्या मयत भावाचा मुलगा भुजंग, जो तुणतुणं धरायचा, तो संबळावर वाकून भराभर दोरी सैल करत होता. कातड्याला कान लावत होता, पुन्हा सैल करत होता, आणि मधूनच चोरासारखा पिंपाकडं बघत होता. बत्तीस वर्षांचा लेकुरवाळा माणूस, पण चुलत्याचं पितळ उघडं पडू नये म्हणून त्याची ती धांदल चालली होती. लिंबाजीनं तोंड फिरवलं आणि धुतलेले हात परत धुतले, चांगले दोनदा, भुजंगाचं काम उरकेपर्यंत.

त्या गोंधळाची वाशीत वाहवा झाली. घरी येताना दोघंही त्याविषयी बोलले नाहीत, पुढंही कधी बोलले नाहीत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी लिंबाजी उमाशंकरच्या लॉजवर काही निरोप द्यायला गेला होता. व्हरांड्यात टेकला असताना मागच्या आवारातून आवाज आला. टॉक. मग थोडं थांबून, टॉक. त्या आवाजाला कड होती. दोन वर्षांत त्याच्या कानावर जे जे पडलं ते सगळं गोधडीखालून आल्यासारखं होतं, आणि हा एकच आवाज उघड्या अंगानं समोर येऊन उभारला होता. तो उठून आवाजामागं चालत गेला. आवारात शिवरंजनी एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. लिंबाजी दाराला टेकून किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. उन्हं फरशीवरून सरकत भिंतीवर चढली, वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं फुगल्या, बसल्या, आणि तो नुसता ऐकत राहिला. पाणी पिताना माणूस बोलत नाही, तसं त्याचं झालं होतं.

"खेळणार का, काका?" तिनं विचारलं.

ओठांवरून त्याला ते समजलं. "हं," तो म्हणाला, आणि त्या वेळी ते 'हं' मनापासूनचं होतं.

चार महिन्यांत त्याचा हात असा काही बसला की शिवरंजनी बापाला सांगू लागली, एवढा मऊ हात मी पुण्यातही बघितला नाही. जाफर मारणारा, चेंडू दिसला की ठेवून द्यायचा एक. लिंबाजीचं तसं नव्हतं. जोरानं आलेला चेंडू तो बॅटीवर झेलल्यासारखा घ्यायचा आणि जाळ्यावरून अलगद पलीकडं सोडायचा. जाळ्यालगत दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. तिथं उभं राहून अधांतरी चेंडू मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. लिंबाजीचा चेंडू नेमका त्या पट्ट्यात जाऊन विसावायचा. किचनची ही गोष्ट कोंडाबाईच्या कानावर गेली तेव्हा ती म्हणाली, "जन्मात माझ्या चुलीम्होरं कवा उभारला न्हाईत, आन तिथं बरं किचनात रमतायसा!"

आता दिवाळीनंतर धाराशिवला पन्नाशीपुढच्यांचे सामने होते. शिवरंजनीनं दोघांची नावं घातली होती. इतके दिवस पोत्यातल्या जुन्या लाकडी बॅटींवर भागलं होतं, पण सामन्याला स्वतःची, सरावाची बॅट हवी, म्हणून तिनं ओळखीच्यांकडून पाच तऱ्हेच्या बॅटी चालवून बघायला आणल्या होत्या.

तिनं दोघांना खाटेवर बसवून नीट सांगितलं. लांबट बॅट दूरवर पोचते, मारणाऱ्याला बरी. रुंद बॅटीवर चेंडू चुकत नाही. जड बॅट चेंडूला रेटते पण कोपराला महागात पडते, हलकी जाळ्यापाशी चटकन फिरते. मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे, तेवढी मूठ आपली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बॅटीचं पोट. पातळ पोटाची, टणक तोंडाची बॅट चेंडूला ठरूच देत नाही, लागला की फेकते. जाड पोटाची त्याला क्षणभर धरते, मग तुम्ही सांगाल तिथं सोडते.

जाफरचं एका मिनिटात ठरलं. "मला ट्रक पायजे," म्हणत त्यानं सगळ्यांत लांब आणि जड बॅट उचलली, आणि ती त्याला अगदी शोभली.

लिंबाजीनं घेतली ती तिसरी, टिचकीला खणखणणारी. पातळ पोटाची, टणक तोंडाची. त्याच्या हाताच्या अगदी उलट स्वभावाची. शिवरंजनीनं पाचवी पुढं केली. रुंद, हलकी, जाड पोटाची होती ती. लिंबाजीनं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. उशीवर मारावी तसं वाटलं.

"ही मेलीय," तो म्हणाला आणि खाली ठेवून मोकळा झाला.

आठ दिवस तो त्या खणखणीत बॅटीनं खेळला आणि आठ दिवस त्याच्या खेळाचे धिंडवडे निघाले. अलगद सोडायला जावं तर चेंडू बाणासारखा सुटायचा. कधी वाळत्या चादरींवर, कधी भिंतीपलीकडं, आणि एकदा तर वरच्या मजल्याच्या गॅलरीत बसून पोहे खाणाऱ्या सोलापूरच्या पाहुण्याच्या बशीत. तिसऱ्या दिवसापासून कोपर ठणकायला लागलं. कोंडाबाई हळद-मीठ शेकायची आणि पुटपुटायची. जाफर चिडायचा, मग हसायचा, मग परत चिडायचा. "ओ बुवा, क्या कर रे? हात तुमचा लोण्याचा, आन हत्यार हातोड्याचं!"

लिंबाजीला हे सगळं कळत होतं. हत्यार ओळखू नये इतका तो कच्चा नव्हता. पण त्या बॅटीनं मारलं की त्याला स्वतःचा ठोका ऐकू यायचा. टॉक. कडा असलेला, उजेडातला. चेंडू मैदानाबाहेर गेला तर जावो, त्या एका ठोक्यापुरता तो पूर्वीचा लिंबाजी असायचा. लोक म्हणतात माणूस हट्टी आहे. हट्टाच्या पोटात काय असतं ते बघायला कुणाला वेळ आहे?

नवव्या दिवशी दुपारी जेवून तो दारातल्या लिंबाखाली पडला. नवरात्र आठवड्यावर आलं होतं. पानांतून ऊन गळत होतं, वारा जागेवरच घुटमळत होता, आणि त्याचा डोळा लागला. स्वप्नात तेच उमाशंकरचं आवार होतं, पण भिंती कुठंच नव्हत्या. फरशी दूर बालाघाटाच्या माथ्यापर्यंत पसरली होती. चादरींच्या दोरीवर शेकडो बॅटी टांगल्या होत्या आणि वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होत्या. आवाज नव्हता. दोरीखालून त्याचा बाप चालत येत होता, कमरेला संबळ बांधलेलं, आणि वाजवत होता. त्याची मनगटं फिरताना दिसत होती, कातडं थरथरताना दिसत होतं. बाप जवळ आला, हसला, काहीतरी विचारलं. लिंबाजीनं मान डोलावली. बापानं परत विचारलं. लिंबाजीनं परत मान डोलावली. मग बापाचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि लिंबाजीला कळलं की प्रश्नाचं उत्तर 'हो' नव्हतं.

तो जागा झाला तेव्हा कोंडाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. टरफलं फुटताना दिसत होती. तो तसाच पडून बघत राहिला.

दुसऱ्या सकाळी शिवरंजनीनं वेगळाच डाव टाकला. "काका, आज शेवटचं. डोळे मिटायचे आणि हातानं सांगायचं कुठलं पॅडल आपलं. आणि तुम्ही टिचकीनं ओळखाल, म्हणून कानसुद्धा बंद."

हात गुंतलेले, मग कान बंद कोण करणार? जाफर मागं उभारला आणि त्यानं आपले स्टिअरिंगवर घडलेले रुंद तळवे लिंबाजीच्या दोन्ही कानांवर घट्ट दाबले. उमाशंकर पोट धरून हसत होता. नंतर हसू दिसेनासं झालं, कारण लिंबाजीनं डोळे मिटले.

आत गडद, ऊबदार शांतता होती. विहिरीच्या तळाशी असते तशी. जाफरच्या तळव्यांतून त्याच्याच रक्ताची घुमघुम ऐकू येत होती. शिवरंजनीनं एक बॅट त्याच्या हातात दिली आणि वरून चेंडू टाकला. हाताला चटका बसल्यासारखं झालं आणि चेंडू गेला. दुसरी दिली, तसंच. तिसरीला तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. चौथी ठीक होती, ना इकडची ना तिकडची. मग पाचवी. चेंडू पडला आणि थांबला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत का होईना, थांबला. तो बॅटीच्या नेमका कुठं पडला, मधोमध की अंगठ्याच्या अंगाला, हे लिंबाजीच्या हाताला स्वच्छ कळलं. परत चेंडू आला, परत कळलं. त्यानं मनगट जरासं ढिलं सोडलं आणि चेंडू तिथंच अलगद उडवत राहिला. एकदा, दोनदा, दहादा. त्या विहिरीच्या तळाशी त्याला इतकं बरं वाटत होतं की डोळे उघडायची इच्छाच होईना. कसलाही आवाज नव्हता आणि काहीही कमी नव्हतं.

"ही," तो म्हणाला.

डोळे उघडले तर हातात ती मेलेली बॅट.

"झालं!" जाफर ओरडला. "ठरलं आता. चला, खेळू."

लिंबाजी आणि जाफर एका बाजूला, शिवरंजनी आणि उमाशंकर दुसऱ्या बाजूला. पहिले चार-पाच गुण लिंबाजी असा खेळला की उमाशंकर नुसता जागेवर फिरत राहिला. चेंडू जाळ्यावरून पलीकडं उतरायचा आणि उमाशंकरचं धूड तिथं पोचेपर्यंत दुसरा टप्पा घेऊन मोकळा व्हायचा. "अगं, ह्याला आवर की!" तो लेकीला म्हणायचा.

पण हळूहळू घोटाळा सुरू झाला. या खेळात चेंडू टाकणाऱ्यानं आधी गुणांचे आकडे मोठ्यानं सांगायचे असतात. शिवरंजनीचा आवाज बारीक, तो लिंबाजीपर्यंत कधीच पोचत नसे. आजवर तो स्वतःच्या ठोक्यावर लय धरून होता. आपला टॉक वाजला की पुढचं किती वेळानं काय येणार हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. आता तो ठोकाच नव्हता. शिवरंजनीनं आकडे सांगितले, चेंडू टाकला, आणि हा आपला बॅटीकडं बघत उभा. चेंडू शेजारून गेला. दुसऱ्या वेळी तो त्याच्या छातीवर आपटला.

तिसऱ्या वेळी ती थांबली. जाळ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, मी आकडे सांगितले होते. तुमचं लक्ष कुठंय?"

"हं," लिंबाजी म्हणाला.

ते 'हं' ऐकून तिघंही त्याच्याकडं बघू लागले, कारण या खेपेला ते कुठंच बसत नव्हतं.

खाट दहा पावलांवर होती. तिच्यावर ती खणखणीत बॅट पडली होती. लिंबाजी चालत गेला, ती उचलली आणि टिचकी मारली. स्वच्छ, कडा असलेला आवाज. ही घेतली की सगळं पूर्वीसारखं झालं असतं. चेंडू चादरींवर गेले असते, कोपर ठणकलं असतं, लोकांनी हट्टी म्हटलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. एका हातात ती आणि एका हातात मुकी, असा तो धुक्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याला भीती वाटत होती. साठी उलटलेल्या माणसाला वाटू नये इतकी, पहिल्यांदा शाळेत सोडलेल्या पोरासारखी भीती वाटत होती.

मग त्यानं ती खणखणीत बॅट खाली ठेवली आणि म्हणाला, "मला ऐकू येत न्हाय."

पण हे तो इतक्या हळू म्हणाला की कुणालाच ऐकू गेलं नाही. "काय?" उमाशंकर म्हणाला. लिंबाजीला ते वळून परत सांगावं लागलं, आणि या वेळी आवाज जरा जास्तच चढला. "मला ऐकू येत न्हाय! वरचं समदं गेलंय. दोन साल झालं. संबळाचा सूर बी ऐकू येत न्हाय."

वरच्या गॅलरीतला एक पाहुणासुद्धा वाकून बघू लागला.

जाफर त्याच्याजवळ आला. अगदी समोर, तोंडासमोर तोंड येईल असा उभा राहिला. "बुवा, म्या गाडी का सोडली ठावं हाय का? समद्यांना सांगितलं कंबर धरती म्हणून. कंबरेला काय धाड भरली? डोळं गेलं व्हतं. सहा म्हैनं अंदाजानं हाकली गाडी. मालकाला न्हाय, घरात न्हाय, कुणाला बोललो न्हाय. डायवरचं डोळं गेलं म्हनल्यावर ऱ्हातंय काय? मग नळदुर्गाच्या अलीकडं येक म्हस आडवी आली, आन मला दिसलीच न्हाय. म्हस व्हती, बुवा. दुसरं कोन असतं तर? त्याच दिवशी चावी मालकाच्या हातात दिली. आठ दिस रडलो. आन मग चष्मा लावून बगितलं तर बायको अजून देखणीच व्हती की."

शिवरंजनीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं पदर नव्हता म्हणून बाहीनंच पुसलं. मग हात उंच करून आपले गुण म्हणून तीन बोटं दाखवली, समोरच्यांचे म्हणून पाच, आणि जोडीतली पहिली टाकणारी म्हणून एक. आकडे. लिंबाजीनं मान हलवली. या खेपेला त्याला खरंच समजलं होतं.

तो डाव ते अकरा-आठनं हरले. जाफरनं शेवटचे तीन चेंडू ताकदीच्या नादात बाहेर घालवले, पण दोष त्यानं वाऱ्याला दिला. जाताना शिवरंजनीनं लिंबाजीच्या तोंडासमोर येऊन सावकाश विचारलं, "मग हीच मागवू ना?"

"हीच," लिंबाजी म्हणाला. "आन कानाच्या डाक्टरचं बी बघ कुठं चांगला असंल तर. चष्म्यावानी काय तरी असंलच की."

घरी येईपर्यंत धुकं पार विरलं होतं. रस्त्यानं जाताना त्याला वाटलं की सगळं गाव पाण्याखाली आहे आणि आपण त्यातून चालतोय. दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, कुंकवाच्या राशी रचल्या जात होत्या, नवरात्राच्या तयारीची माणसं तोंडं हलवत इकडून तिकडं चालली होती, आणि त्यातलं अर्धं त्याला ऐकू येत नव्हतं. रोज यामुळं त्याचा जीव घाबरा व्हायचा. आज तो नुसता बघत चालला.

ओट्यावर भुजंग येऊन बसला होता. पहिल्या माळेच्या गोंधळाआधी संबळ एकदा तपासायचं, हा दर वर्षीचा रिवाज. त्यानं शेगडी पेटवली होती, कातडं पुसून ठेवलं होतं, आणि टिपरू चुलत्याच्या जागेवर मांडलं होतं. स्वतः तुणतुणं घेऊन बाजूला सरकून बसला होता. कोंडाबाई उंबऱ्यात उभी होती.

लिंबाजी आपल्या जागेवर बसला नाही. तो भुजंगाच्या समोर मांडी घालून बसला आणि संबळ त्याच्याकडं सरकवलं.

"तू लाव," तो म्हणाला.

भुजंगाला वाटलं चुलता थट्टा करतोय. "म्या? काका, तुमी असताना म्या कसा?"

"मला ऐकू येत न्हाय, भुजंगा. वाशीला लावलास तसा लाव. म्या बघितलं व्हतं."

भुजंगाचा चेहरा पांढराफटक पडला. उंबऱ्यात कोंडाबाईनं चौकटीला हात टेकला. तिच्या नजरेत आश्चर्य मुळीच नव्हतं, आणि तेही लिंबाजीनं आजच पाहिलं.

भुजंगानं टिपरू उचललं. त्यानं कातडं शेकलं, दोरी ताणली, एकदा मारलं आणि सवयीनं मान वर करून चुलत्याकडं बघितलं, लागला की नाही हे विचारायला.

"माझ्याकडं नगं बगूस," लिंबाजी म्हणाला. "तूच ऐक."

भुजंगानं मान खाली घातली, कान कातड्याजवळ नेला आणि पुन्हा मारलं. लिंबाजी गुडघ्यावर हात ठेवून, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणी तरी "लागला" म्हणायची वाट बघत बसला.